अजिंक्यपदाच्या वर्षातला रतीब

आमच्या कॉलेजनं विद्यापीठाची फुटबॉलची ढाल जिंकली त्या वर्षी मी संघात राइट बॅक होतो. त्याआधी कॉलेजला ती कधी मिळाली नव्हती आणि पुढे मी शिकत असेपर्यंत परत मिळालीही नाही. त्यामुळे जुने मित्र भेटले की अजून त्या वर्षाचा विषय निघतो, कुणी कुणाला कसा पास दिला यावरून आवाज चढतात. मी त्यात फारसा बोलत नाही. त्या वर्षातलं मला जे आठवतं, त्यातलं बरंचसं मैदानाबाहेरचं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे वडील एका हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. आमच्या घरात कधी कुणी खेळलेलं नव्हतं, पण आम्ही राहायचो पेठेत, आणि कोल्हापुरात पेठेत राहणाऱ्या मुलाच्या पायात बॉल येतोच. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा फुटबॉल संघ, आणि त्या संघामागं उभी असलेली सगळी पेठ. माझी किक लांब जायची, एवढ्या भांडवलावर सोळाव्या वर्षी मला तालमीनं संघात घेतलं. वडील एवढंच म्हणाले, "चष्मा लागला नाहीये तोवर खेळून घे."

कॉलेजच्या संघात मात्र चार-पाच पेठांची मुलं एकत्र यायची. अंगात एकाच रंगाची जर्सी, पण मनात प्रत्येकाची आपली तालीम. वर्षाची पहिली मॅच आम्ही एका साध्या संघाशी शून्य-शून्य सोडवली. आमचा लेफ्ट विंगर पलीकडच्या पेठेचा होता. तो मोकळा उभा राहून हात वर करून ओरडत होता, आणि आमच्या पेठेच्या हाफनं त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत बॉल बाहेर मारला. पलीकडच्या पेठेशी आमच्या पेठेचं वैर कधी सुरू झालं हे कुणालाच सांगता आलं नसतं, पण ते होतं.

आमचे जिमखान्याचे सर लष्करातून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, आवाज न चढवता बोलणारे.  त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांनी बॉल मध्यावर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून नियम बदलला. एका पेठेच्या मुलानं दिलेला बॉल दुसऱ्या पेठेच्या मुलानं गोलात मारला, तरच गोल. नाहीतर कितीही मारा."

पहिल्या दिवशी दीड तासात एकही गोल झाला नाही. आम्ही वैतागलो, एकमेकांना शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी झाला. पंधरा दिवसांत ती सवयच लागली. मॅचमध्येसुद्धा बॉल पायाशी आला की नजर आधी दुसऱ्या पेठेचं पोरगं शोधायची.

या सगळ्यात एक जण कुठल्याच पेठेत जन्मलेला नव्हता. तो उचगावहून यायचा. आमचा सेंटर फॉरवर्ड. शेतकऱ्याच्या घरातला, काळासावळा, बुटका, मांड्या मात्र पैलवानासारख्या. संघात सगळे त्याला 'पावणं' म्हणायचे, कारण पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला उभा असताना कुणीतरी विचारलं होतं, "काय पावणं, कुणाकडं आलाय?" आणि त्यानं उत्तर दिलं होतं, "खेळाय आलोय." त्याचा मामा पलीकडच्या पेठेत राहायचा, म्हणून तालीम त्याला ती मिळाली. रोज पहाटे तो उचगावहून सायकलला दोन किटल्या अडकवून शहरात यायचा, मामाच्या पेठेत दुधाचा रतीब घालायचा आणि तिथूनच कॉलेजला. वर्गात मागच्या बाकावर तो हमखास डुलक्या घ्यायचा. मैदानावर मात्र त्याच्याइतकं जागं कुणी नव्हतं. बॉल घेऊन तो बॅककडं सरळ अंगावर यायचा आणि शेवटच्या क्षणी नुसता खांदा हलवायचा. बॅक खांद्याच्या बाजूला जायचा, हा दुसऱ्या बाजूनं निघून जायचा. सरावात मी त्याला अडवायला असायचो. दहापैकी सात वेळा तो मला चकवायचा आणि गोल झाल्यावर परत येताना म्हणायचा, "खांद्याकडं बघू नगंस की. बॉलकडं बघ."

त्याच्या गोलांवर आम्ही कोल्हापूर विभागात पहिले आलो. आता उरल्या होत्या मिरजेला होणाऱ्या आंतरविभागीय मॅचेस, उपांत्य आणि अंतिम. मध्ये तीन आठवडे होते, आणि त्याच तीन आठवड्यांत शहरातल्या तालमींची स्पर्धा सुरू झाली. आमच्या पेठेची मॅच पलीकडच्या पेठेशी पडली.

मॅचच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. "मी तुम्हाला पेठेकडनं खेळू नका म्हणणार नाही. म्हटलं तरी ऐकणार नाही तुम्ही. एवढंच लक्षात ठेवा, मिरजेला अकराच्या अकरा लागणार आहेत." आम्ही माना हलवल्या.

मैदान खच्चून भरलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात पावण्यानं मला दोनदा चकवलं. दुसऱ्यांदा गोल झाला. पलीकडच्या बाजूनं हलगी वाजायला लागली, आणि आमच्या बाजूनं माझ्या नावानं जे ओरडणं सुरू झालं ते मी इथं लिहू शकत नाही. हाफ टाइमला गूळ-शेंगदाणे वाटले जात असताना आमच्या तालमीतले एक वयस्कर खेळाडू माझ्याजवळ येऊन बसले. मला लहानपणापासून ओळखणारे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तरांच्या पोरा, परत त्यो आला तर चालत माघारी जायला नगं. कळलं न्हवं?"

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. शेंगदाणे चावत राहिलो.

दुसऱ्या हाफमध्ये तो परत आला. तसाच, सरळ अंगावर. त्यानं खांदा हलवला. या वेळी मी खांद्याकडं बघितलं नाही, मला बॉल स्पष्ट दिसत होता. बॉल माझ्या उजवीकडनं पुढं निघून गेला होता, हातभर लांब. तो गेलाय हे मला समजलेलं होतं, आणि ते समजल्यानंतर मी पाय घातला.

आवाज झाला. वाळकं लाकूड मोडावं तसा. तो ओरडलासुद्धा नाही, नडगी दोन्ही हातांत धरून आडवा झाला. पंचांनी फ्री किक दिली, मला नुसती ताकीद. लांबून ते बॉलसाठी घातलेल्या पायासारखंच दिसलं असणार. चौघांनी त्याला उचलून नेलं. आम्ही एक गोल फेडून मॅच बरोबरीत सोडवली. संध्याकाळी तालमीसमोर मला मध्ये बसवून मिसळ खायला घातली. कुणीतरी म्हणालं, "आज बॅक खेळला बघ." मी ती मिसळ खाल्ली. सगळी खाल्ली, वर रस्सा मागून घेतला. मला आजही या गोष्टीची त्या घातलेल्या पायाएवढीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात बातमी आली. नडगीचं हाड मोडलंय, दीड महिना प्लॅस्टर. सरांनी मला जिमखान्याच्या खोलीत बोलावलं. ते बॉलमध्ये हवा भरत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "पाय घातलास तेव्हा बॉल होता?"

"होता सर."

"बरं." ते हवा भरत राहिले. मी बाहेर आलो.

दोन दिवस मी पुस्तक उघडून नुसता बसत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी सायकल काढली आणि उचगावला गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. विचारत विचारत घर सापडलं. पुढं सोपा, म्हणजे ओसरी, बाजूला गोठा, गोठ्यात तीन म्हशी. सोप्यात खाटेवर तो पाय उशीवर ठेवून पडला होता. त्याची आई म्हशींना वैरण टाकत होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. "कॉलेजातलं व्हय? बसा की," म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी तांब्याभर ताक घेऊन आली. मी तांब्या हातात धरून बसलो.

ती परत गोठ्यात गेल्यावर मी त्याला म्हणालो, "बॉल नव्हता. बॉल गेलेला मला दिसला होता."

तो छताकडं बघत होता. "ठावं हाय मला," तो म्हणाला. "मी खाली पडलो तवा बॉल पार तिकडं व्हता. मलाबी डोळं हाईत की."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

"तू सांगणार का काय करणार ते बघत व्हतो."

मी तांब्या खाली ठेवला. त्यानं मला माफ केलं असं काही म्हटलं नाही, चिडलाही नाही. मग तो जे बोलला त्याची मी तयारी केलेली नव्हती. "पायाचं र्‍हाऊ दे. रतिबाचं काय करायचं सांग. आमच्या आबांची कारखान्यात सकाळपाळी असती. आईला सायकल येत न्हाय. तीन दिस झालं, दूध गावातच घालायलोय. शहरातली घरं एकदा सुटली की परत मिळत न्हाईत."

"मी घालतो," मी म्हणालो.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. "तू? मास्तराचं पोरगं? घरं ठावं हाईत काय, कुठली हाईत ती?"

मला माहीत होतं. सगळी पलीकडच्या पेठेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी उचगावात होतो. थंडीचे दिवस, आजूबाजूला गुऱ्हाळं सुरू झालेली, हवेत गुळाचा वास. त्याच्या आईनं धार काढून किटल्या भरून ठेवल्या होत्या. भरलेल्या किटल्या अडकवलेली सायकल चालवणं ही साधी गोष्ट नाही. वळणावर दूध एका बाजूला जातं आणि सायकल त्याच्या मागं जाते. रेल्वे फाटकाजवळ मी पहिल्याच दिवशी आडवा झालो. दूध फारसं सांडलं नाही, कोपर मात्र सोलवटलं.

पहिलं घर एका आजीबाईंचं होतं. भांडं घेऊन बाहेर आल्या आणि मला बघून थबकल्या.

"आमचं पोरगं कुठं हाय?"

"पाय मोडलाय त्याचा."

"त्ये ठावं हाय रं बाबा! सगळ्या पेठेला ठावं हाय. तू कोण?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "मीच मोडला," मी म्हणालो.

 मी माप भरून त्यांच्या भांड्यात ओतायला गेलो, तर दूध काठावरनं खाली गेलं. "आरं, भांडं तिरकं धरा म्हणायचं की माणसाला! सांडतंय समदं," त्या ओरडल्या. "पाय मोडाय येतंय, दूध घालाय येत न्हाय." आणि भांडं घेऊन आत गेल्या. दार लावताना म्हणाल्या, "उद्या लवकर ये. नातीची शाळा असती."

पाचव्या-सहाव्या घरापर्यंत बातमी माझ्या पुढं गेली होती. चौकात तिघाचौघांनी सायकल धरली. त्यातल्या दोघांविरुद्ध मी खेळलेलो होतो. "ए, ह्यो त्योच की! आमच्या गल्लीत येतोस व्हय?" एकानं चाकाची हवा सोडली. दुसऱ्यानं किटलीला हात घातला. मी किटली सोडली नाही. मारामारीच व्हायची, पण समोरच्या तालमीच्या पायरीवर एक म्हातारे पैलवान दात घासत उभे होते. त्यांनी चूळ भरली आणि तिथूनच आवाज दिला, "किटली कुणाची हाय ती?"

"आपल्या पावण्याची."

"मग दूध कुणाचं सांडायलाय तुम्ही? हवा भरून द्या त्याला. आन तू रं, उद्यापास्नं तोंड वर करून येत जा. चोरागत कशाला येतोस?"

पोरांनी पंप आणून हवा भरून दिली. सगळ्या गल्लीदेखत, शिव्या देत देत.

घरी हे कळायला चार दिवस लागले. पलीकडच्या पेठेत वडिलांच्या शाळेतले एक शिक्षक राहायचे. त्यांनी दार उघडलं आणि समोर मी, हातात माप. संध्याकाळी वडिलांनी मला समोर बसवलं.

"मला सांगण्यात आलंय की तू दूध घालतोस. मी म्हटलं, माझा मुलगा पहाटे अभ्यासिकेत जातो. आता तू सांग, त्यांचं खरं की माझं?"

मी सगळं सांगितलं. बॉल गेल्यावर पाय घातला तेही. मिसळीचंही. वडील बराच वेळ चष्मा पुसत बसले. मला वाटलं, खेळ बंद करायला सांगणार. ते म्हणाले, "तुझ्या सरांना हे ठाऊक आहे?"

"नाही. मी त्यांना खोटं सांगितलंय."

"मग दूध कशाला घालतोस? ज्याला फसवलंस त्याच्याकडे अजून गेलाच नाहीस." आणि उठून आत गेले. मला ते फार लागलं. चार दिवस पहाटे उठून मी स्वतःबद्दल थोडं बरं वाटून घ्यायला लागलो होतो.

सकाळी रतीब संपवून मी तसाच, हाताला दुधाचा वास घेऊन, सरांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात बूट पॉलिश करत होते. मी सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"त्या दिवशीच मला कळलं होतं," ते म्हणाले. "ज्यानं खरंच बॉलवर पाय घातलेला असतो तो इतक्या लगेच 'होता' म्हणत नाही. तो आठवून बघतो." मग म्हणाले, "मिरजेला तू संघाबरोबर यायचंस. दूध घालून यायचंस. खेळायचं नाहीस."

मी होय म्हणालो. त्या क्षणी मला खरोखर हलकं वाटलं. मिरजेच्या मैदानाच्या कडेला बसल्यावर मात्र ते हलकेपण टिकलं नाही. उपांत्य मॅच साताऱ्याकडच्या संघाशी होती. आमचा संघ आदल्या दिवशीच मिरजेला मुक्कामाला गेला होता. मी रतीब उरकून सकाळच्या गाडीनं एकटा पोचलो. माझ्या जागी पहिल्या वर्षाचा एक मुलगा खेळत होता, आणि चांगला खेळत होता. प्रत्येक वेळी त्यानं बॉल नीट काढला की मी टाळ्या वाजवत होतो आणि आतून कुढत होतो. पावण्याच्या जागी सरांनी आमच्या हाफला पुढं ढकललं होतं. त्याला गोल करता येत नव्हता, पण तो बॉल धरून ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना वाटायचा. लेफ्ट विंगरनं, त्या पलीकडच्या पेठेच्या, गोल केला. पास आमच्या पेठेच्या हाफचा होता. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. शेवटच्या दहा मिनिटांत तो पहिल्या वर्षाचा मुलगा मांडी धरून खाली बसला.

सर माझ्याकडं आले. "उद्या तू खेळायचंस. माफ केलंय म्हणून नाही. दुसरा बॅक नाही म्हणून."

अंतिम मॅच मिरजेच्याच कॉलेजशी. त्यांचं गाव, त्यांचं मैदान, त्यांचे प्रेक्षक. मी सकाळी परत दूध घालून आलो होतो, गाडीत उभ्यानं झोप काढलेली. मैदान कोरडं, लाल धूळ उडत होती. पंधराव्या मिनिटाला आम्ही कॉर्नरवर गोल केला. कॅप्टननं डोक्यानं मारलेला. आमच्या बाजूला कोल्हापूरहून आलेली पन्नासेक पोरं उड्या मारायला लागली.

त्यांचा डावा फॉरवर्ड चपळ होता. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला तो माझ्या अंगावर आला. त्याची चाल वेगळी होती, खांदा हलवत नव्हता, पण मला दुसराच कुणीतरी दिसत होता. बॉल अजून त्याच्या पायाशी होता. मला पाय घालता आला असता, अगदी स्वच्छ, बॉलवर. माझा पाय उचललाच गेला नाही. नुसता उभा राहिलो. तो माझ्या बाजूनं गेला आणि त्यानं गोल केला.

"झोपलास काय रं?" कॅप्टन माझ्या तोंडावर ओरडला. "पाय घालाय येत न्हाय? तालमीकडनं खेळताना बरा येतोय!"

मी सरांकडं बघितलं. ते कडेला हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी फक्त बोटानं मला माझी जागा दाखवली, परत तिथं जाऊन उभा राहा म्हणून. बदलीला कुणी नव्हताच.

उरलेल्या वेळात मी फार काही केलं नाही. दोन-तीन बॉल लांब मारले, एकदा आमच्याच गोलकीपरशी टक्कर होता होता वाचलो. मॅच संपायला पाच-सहा मिनिटं असतील तेव्हा मध्यावर धूळ आणि पाय यांच्या गर्दीतून बॉल आमच्या विंगरकडं गेला. त्यानं तो परत आत दिला, आमच्या हाफनं अंदाजानं पाय लावला, बॉल खांबाला लागून आत गेला. सुंदर गोल नव्हता. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा आमच्या पेठेचा हाफ आणि पलीकडच्या पेठेचा विंगर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. वर्षाच्या सुरुवातीला ते दोघे एका सायकल स्टँडवर सायकल लावत नव्हते.

कोल्हापूर स्टेशनवर दोन्ही पेठांच्या हलग्या आल्या होत्या. आधी एकमेकांचा आवाज बुडवायला वाजत होत्या, मग कुठंतरी ठेका जुळला. गुलालानं सगळे लाल झाले. मलाही खांद्यावर घेतलं. मी खाली उतरवा म्हणत होतो, त्यांना ते नखरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कानामागं गुलाल तसाच असताना मी उचगावला पोचलो. पावणा जागा होता, खाटेवर बसून वाट बघत होता. "किटल्या र्‍हाऊ दे घटकाभर. सांग."

मी सांगितलं. त्यानं मध्ये मध्ये थांबवून विचारलं. कॉर्नर कुणी घेतला, विंगर आतल्या पायानं वळला की बाहेरच्या, हाफनं बॉल बघून मारला की डोळं झाकून. शेवटचा गोल मला दोनदा सांगावा लागला. मग म्हणाला, "आन त्यांचा गोल? तुझ्याकडनं गेला म्हणत्यात."

"होय."

"पाय घातला न्हाईस?"

"नाही."

"बॉल व्हता?"

"होता. माझ्यासमोर होता."

तो चिडला. मी त्याचा पाय मोडला त्या दिवसापासून पहिल्यांदाच चिडलेला मला दिसला. "मग घालायचा की! बॉलवर घालाय काय झालंतं तुला? एकदा चुकला म्हणून बॅकनं पायच घालायचा न्हाय व्हय? त्या गोलावर हारला असता म्हंजे? माझं इतकं गोल वाया गेलं असतं की रं!" त्याची आई गोठ्यातून बाहेर येऊन बघायला लागली. तो थांबला, श्वास घेतला, आणि म्हणाला, "जा आता. आजी बसली आसंल भांडं घेऊन."

त्या दिवशी सायकलवर मी त्याच्या बोलण्याचाच विचार करत होतो. मला वाटत होतं की न घातलेला पाय हा माझा चांगुलपणा होता, निदान त्याच्यासमोर तरी तो चांगुलपणा ठरेल. त्याच्या लेखी ती दुसरी चूक होती, आणि संघाला बुडवू शकली असती अशी. पुढच्या आठवड्यात मी सरावाला उतरलो तेव्हा पहिल्याच बॉलवर पाय घातला. कचरत घातला, पण घातला.

प्लॅस्टर निघाल्यावरही दोन आठवडे मी रतीब घातला. संघाचा फोटो काढताना सरांनी त्याला पुढच्या रांगेत खुर्चीवर, ढालीशेजारी बसवलं. पुढच्या वर्षी तो खेळला, पण खांदा हलवून पुढं निघताना पूर्वीसारखा वेग राहिला नव्हता. हे मला दिसायचं. त्यालाही कळत असणार. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मैत्री झाली म्हणावी तर रोजच्या भेटीगाठीची नव्हती. तो माझ्या घरी दोनदाच आला, वडिलांशी म्हशींबद्दल बोलत बसला.

पुढं मी शिक्षक झालो. ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं गगनबावड्याला होतो. तिथला पाऊस म्हणजे जूनला दार लावायचं ते गणपतीनंतर उघडायचं. एका श्रावणात शाळेच्या फाटकाशी जीप थांबली आणि तो उतरला. वारणानगरला दुधाच्या कामात त्याला नोकरी लागली होती, घाटमाथ्यावरच्या गावांत कुणाच्या तरी म्हशी बघायला आला होता. मी शाळेत आहे हे त्याला चहाच्या टपरीवर कळलं.

आम्ही व्हरांड्यात बाक ओढून बसलो. समोरचं मैदान पाण्यानं भरलेलं. बोलता बोलता तो वाकून नडगी चोळायला लागला.

"दुखतं?" मी विचारलं.

"पावसात ठणकतं. बाकी काय न्हाय." त्यानं पँट खाली ओढली. "आमच्या कॉलनीत संघ हाय. कामगारांचा. मी गोलकीपर असतो आता. पळाय नगं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलणार होतो. त्यानं हात हलवून थांबवलं. "तुमची पोरं खेळत्यात काय हितं?"

"खेळतात. चिखलात बॉल पळत नाही, नुसते पाय आपटतात."

"बॅक कसा हाय?"

सातवीतला एक मुलगा बरा होता, तसं मी सांगितलं. त्यानं त्याला बोलवायला सांगितलं. तास सुरू होता, तरी मी बोलावलं. त्या भांबावलेल्या पोराला व्हरांड्यात उभं करून, जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना, तो दहा मिनिटं समजावून सांगत होता. समोरचा माणूस अंगावर आला की नजर कुठं ठेवायची, पाय कधी घालायचा आणि घालायचा तर किती जोरात. पोरगं माझ्याकडं बघत होतं, ऐकावं की नाही म्हणून. मी त्याला मान हलवून ऐक म्हणालो.